असईचा विजेता आणि गोयाची सुई

१/ २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातील असई गावी, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली भिडला. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताच, मध्ये उतार असलाच पाहिजे, हे त्याने ताडले आणि तेथूनच सैन्य पार नेले.

२/ सायंकाळपर्यंत मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती पडल्या. इंग्रजांकडील १,५८४ माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झाला.

३/ ऑगस्ट १८१२ मध्ये फ्रेंचांना हटवून तो माद्रिदमध्ये शिरला. तेथे त्याचे चित्र रंगवले फ्रान्सिस्को गोयाने (१७४६–१८२८). गोया हा स्पेनचा राजचित्रकार. १७९२-९३ च्या दुखण्यात त्याला कायमचे बहिरेपण आले होते.

४/ गोयाने वेलिंग्टनला घोड्यावर बसवले. पुढे क्ष-किरण तपासणीत दिसले की, त्याच रंगाखाली आधी दुसराच स्वार होता. विजेते बदलतात, घोडा तोच राहतो!

५/ पण याच काळात गोया आणखी एक काम करीत होता. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने त्यात रेघा ओढायच्या, उघड्या पडलेल्या रेघा आम्लाने खोदायच्या आणि त्यांत शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा. अशी त्याने ८२ चित्रे केली. ‘युद्धाचे अनर्थ’ या नावाने ती ओळखली जातात.

६/ त्यांत सेनापतींचा गौरव नाही. वधस्तंभाला बांधलेले कैदी, दुष्काळात रस्त्यावर पडलेली माद्रिदची माणसे, दोन्ही बाजूंचे क्रौर्य आहे. एका चित्राखाली त्याने एवढेच लिहिले: ‘मी हे पाहिले’. त्याच्या हयातीत ही चित्रमाला प्रसिद्ध झाली नाही. ती प्रथम छापली गेली १८६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी.

७/ असईला असा गोया लाभला नाही. इंग्रजांची हानी एकेका माणसापर्यंत मोजलेली आहे. मराठ्यांकडील हानीचे केवळ अंदाज आहेत. ज्यांच्या शिवारातून तोफा ओढल्या गेल्या, त्या गावकऱ्यांची तर गणतीच नाही.

८/ म्हणून वेलिंग्टनचे चित्र पाहाल तेव्हा त्याच्या छातीवरच्या पदकांपाशी थांबू नका. त्या पदकांमागे केळणेकाठची ती संध्याकाळही आहे. ती कोणी पाहिली आणि कोणाला लिहून ठेवता आली, हा प्रश्न विचारणे म्हणजेच इतिहास वाचणे.