सोलापुरातील परवडणारी वस्ती : पेठेपासून घरकुलापर्यंत

सोलापुरात नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न कामाचा असतो आणि दुसरा खोलीचा. "काय हो, इकडं स्वस्तात खोली कुठं मिळंल?" हा प्रश्न या शहराने मराठीत ऐकला, तेलुगूत ऐकला, कानडीत आणि उर्दूतही ऐकला. त्याचे उत्तर मात्र दर पिढीला निराळे मिळाले. ही उत्तरे एकापुढे एक मांडून पाहिली, तर स्वस्त घर म्हणजे नेमके काय याचा थोडाफार उलगडा होतो.

पहिले उत्तर पेठांचे. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि कापसाच्या व सुताच्या व्यापाराला मोठी गती मिळाली. तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे इकडे येत होती. ती गावाच्या पूर्व अंगाला स्थिरावली. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, जोडभावी पेठ ही नावे सोलापूरकरांना सांगावयास नकोत. तेलंगी पाच्छा पेठेच्या तर नावातच तिथल्या रहिवाशांची बोली आहे.

आता विणकराला घर कसे लागे, ते पाहा. पुढच्या खोलीत माग. खड्ड्याचा माग असेल तर जमीन कोरडी हवी आणि ती खणू देणारा घरमालक हवा. ताणा पसरायला दारापुढे मोकळी जागा हवी. बायकापोरांनी कांड्या भरायच्या, म्हणून थोडा उजेडही हवा. उरेल तेवढ्या जागेत चूल आणि अंथरूण. वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली कमी भाड्यात मिळाली, तरी ती या माणसाच्या उपयोगाची नव्हती, कारण तिथे माग बसत नव्हता. ज्याच्यापाशी स्वतःचा माग नव्हता, तो कारखानदाराकडे कामाला जाई. मालकाच्या मागाशेजारीच पथारी टाकणारेही होते. म्हणजे पेठेतले घर हे आधी कामाची जागा आणि मग राहावयाची जागा. भाडे एका घराचे भरावे लागे आणि काम दोन घरांचे होई. पेठांतली दाटी लोकांनी इतकी वर्षे का सोसली, त्याचे बरेचसे कारण या हिशेबात आहे.

दुसरे उत्तर गिरण्यांचे. १८७७ साली सोलापूरची पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिलाच आपण पुढे 'जुनी मिल' म्हणू लागलो. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम या गिरण्या उभ्या राहिल्या. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे ७५ हजार भरली. भोंग्याच्या हाकेसरशी हजारो माणसे फाटकापाशी हजर व्हावयाची, तर ती जवळच राहिली पाहिजेत. म्हणून मिलच्या चाळी आल्या, आणि चाळीत जागा न मिळालेल्यांच्या झोपड्या चाळीच्या आसपास उभ्या राहिल्या.

चाळीतल्या खोलीचे भाडे कमी, काम हाकेच्या अंतरावर, शेजारी बहुधा आपल्याच गावचा. मग उणे काय होते? खोली नोकरीला बांधलेली होती. नोकरी आहे तोवर छप्पर आहे. १९२० साली इथल्या गिरणीकामगारांनी मोठा संप केला, तेव्हाच्या एखाद्या कुटुंबाचा विचार करून पाहा. पगार देणारा तोच आणि घराची किल्लीही त्याच्याच हाती! मजुरीसाठी भांडताना माणसाला घराकडेही पाहावे लागे. पुढे १९६३ साली जुनी मिल बंद पडली. नंतरच्या दशकांत इतर गिरण्यांचीही धुराडी एकेक करून थंडावली. गिरणी गेली, तरी चाळीतला माणूस तिथेच राहत होता. पण त्याच्या खोलीचा धनी कोण आणि डागडुजी कोणी करावयाची, हे प्रश्न त्याच्या गळ्यात पडले. स्वस्त खोलीची किंमत अशी उशिरा कळते.

याच काळात सोलापुरात आणखी एक वस्ती होती. तिचे नाव घेतल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ती म्हणजे 'सेटलमेंट'. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा वाढविली. कैकाडी, पारधी आणि अशाच कितीएक भटक्या जमातींतल्या माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. गिरण्यांना मजूर हवे होते. ते या कुंपणातूनही मिळत. इथे राहणाऱ्याला खोली शोधावी लागत नव्हती. त्याला हजेरी द्यावी लागे, आणि बाहेर पडावयाचे तर परवानगी घ्यावी लागे. छपराचा मोबदला त्याने स्वातंत्र्याने दिला. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. कुंपण गेले, पण वस्तीचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, आणि नावाबरोबर चिकटलेला संशय जायला कायदा पुरला नाही. राहण्याचा पत्ता माणसाला कसा नडतो, हे इथल्या मुलांना कोणी शिकवावे लागले नाही.

घराचा हिशेब मांडताना पाणीही विसरून चालत नाही. सोलापूर हे अवर्षणाच्या पट्ट्यातले गाव. १८७१ साली पुरा झालेला एकरूखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव, आणि पुढे उजनीचे पाणी यांवर शहर वाढत गेले. गावाबाहेर जागा स्वस्त मिळते खरी. पण नळ तिथवर पोहोचला नसेल, तर घरातल्या बाईचा अर्धा दिवस घागरीमागे जातो. तो अर्धा दिवस भाड्याच्या पावतीवर कधी लिहिला जात नाही.

आता तिसरे उत्तर. गिरण्या मंदावल्या तसा कितीएक घरांचा भार विडी वळणाऱ्या स्त्रियांवर आला. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. काम घरी बसून. झोपडीत किंवा भाड्याच्या खोलीत आयुष्य काढणाऱ्या या स्त्रियांनी स्वतःच्या घराची मागणी धरली. कामगार पुढारी नरसय्या आडम, म्हणजे सर्वांचे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली ती बरीच वर्षे लढविली गेली. शेवटी अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी संस्थेची दहा हजार घरे उभी राहिली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार, अशा तिघांच्या वाट्यातून हा पैसा उभा झाला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या दिल्या गेल्या. त्याच कुंभारीला पुढे 'रे नगर' ही तीस हजार घरांची योजना आली. तिच्यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे असे असंघटित कामकरी सभासद आहेत. त्यांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभार्थ्यांना मिळाली.

या घरांत नवे काय? घराचा कागद राहणाऱ्याच्या नावावर आहे. पेठेत घरमालक होता, चाळीत गिरणी होती, सेटलमेंटमध्ये सरकार होते. इथे मजूर बाई "माझं घर" म्हणते, ते खरे असते. पण कुंभारी शहराबाहेर आहे, हेही तितकेच खरे. विडी घरी वळता येते. पाने आणि तंबाखू आणावयाची, तयार विड्या मोजून द्यावयाच्या, त्यासाठी मात्र कारखान्याच्या शाखेपर्यंत जावेच लागते. शाखा जवळ असेल तर घर स्वस्त. रोज शहरात खेप घालावी लागली, तर रिक्षाचे भाडे मजुरीतूनच जाते. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला आणि भाजीची गाडी लावणाऱ्याला हे अंतर अधिकच जाणवते. म्हणून घरे बांधून झाली की काम संपले, असे समजावयाचे नाही. पाठोपाठ बस, दवाखाना, शाळा आणि काम हीही तिथवर गेली पाहिजेत.

तेव्हा सोलापुरात घर शोधणाऱ्याने भाडे विचारावे, आणि त्याच दमात आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : काम किती लांब, पाणी किती लांब, आणि घराचा कागद कोणाच्या नावाचा? पेठेने पहिल्या प्रश्नाचे चांगले उत्तर दिले. चाळीनेही दिले, पण तिसऱ्याशी ती अडखळली. कुंभारीने तिसऱ्याचे उत्तर दिले आहे. उरलेल्या दोहोंचे उत्तर देणे हे आता नगराचा कारभार पाहणाऱ्यांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडे मागत राहणे हे तुमचे-आमचे.