स्वस्त परदेश: कुणाच्या हिशेबाने?

परभणीत चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हल्ली एक वाक्य हमखास कानी येते: "गोव्याला जाण्यापेक्षा थायलंड स्वस्त पडतं." त्याला पुरावेही जोडले जातात. थायलंडने नोव्हेंबर २०२३मध्ये आणि मलेशियाने १ डिसेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली. व्हिएतनामचा एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरांत मिळतो. तिथे रस्त्यावर दीडशे-दोनशे रुपयांत पोट भरते. मग निष्कर्ष निघतो की आग्नेय आशिया आता कुणालाही परवडतो. पुरावे खरे आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पहिला आक्षेप मापाचा. या देशांच्या स्वस्ताईचा डंका पिटला तो पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या तरुणांनी. त्यांचा दिवसाचा खर्च २५ डॉलर धरू. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन २००९पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. म्हणजे तिथला अगदी कमी पगाराचा माणूसही ही रक्कम साडेतीन तासांत कमावतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. गंगाखेड-पालमच्या मजुराला त्या २५ डॉलरांसाठी आठवडाभर राबावे लागते. त्यांचे माप उचलून आपण आपला खर्च मोजतो, ही मूळ चूक.

दुसरा आक्षेप, हा हिशेब मुंबईच्या विमानतळावर सुरू होतो. परभणीकराचा तो घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. मोठ्या माणसाच्या पासपोर्टची फीच १५०० रुपये. शिवाय मुंबईपर्यंतची गाडी, तिथला मुक्काम, रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे तिथले चलन करताना दोनदा बसणारी कात्री. तुलनाही सरळ नसते. नाताळच्या आठवड्यातला गोवा आणि पावसाळ्यातले पटाया शेजारी ठेवले, तर गोवा महाग दिसणारच.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. तिथली स्वस्ताई आकाशातून पडत नाही. पहाटे हातगाडी लावणाऱ्या बाईच्या आणि खोली झाडणाऱ्या पोराच्या कमी कमाईतून ती येते. सोयाबीन आणि कापूस पडत्या भावाने विकणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको.

मग परभणीकराने घरीच बसावे काय? मुळीच नाही. काटकसरीचा प्रवास आपल्याला कुणी शिकवायला नको. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, गंगाखेड, परळी करत पंढरपूर गाठते. १९९९पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या नर्सीचे नामदेव पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. मजल, मुक्काम आणि शिधा या तीन गोष्टी जमल्या की लांबची वाट आटोक्यात येते, हे वारीने शिकवले आहे. परदेशातही हेच लागू पडते.

मजल म्हणजे सहा दिवसांत चार देश नव्हेत. एकच देश घ्यावा आणि रेल्वेने पाहावा. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो ची मिन्ह शहर हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे. रात्रीच्या गाडीत झोपले की खोलीचे भाडे वाचते, हे देवगिरी-नंदिग्रामने मुंबई गाठणाऱ्यांना ठाऊकच आहे.

मुक्कामाचा भाव ऋतूवर ठरतो. रब्बीची ज्वारी घरात आली की मृगापर्यंत शेतकऱ्याला सवड असते. नेमके तेव्हा बँकॉकचे तापमान पस्तिशी ओलांडते आणि युरोपचा प्रवासी पाठ फिरवतो. दमट हवेचा त्रास होईल, पण बेचाळीस अंशांत राहणाऱ्याने त्या आकड्याला भिऊ नये. मध्य व्हिएतनाममधले दा नांग, होई आन तेव्हा कोरडे असते. फक्त १३ ते १५ एप्रिलचा थाई नववर्षाचा सण आणि व्हिएतनामची ३० एप्रिल-१ मेची सुटी टाळावी. त्या दिवसांत भाव चढतात.

शिध्याची काळजी माळकऱ्यालाही नको. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला 'चाय' म्हणतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक बौद्ध शाकाहार पाळतात. एकादशी धरणाऱ्याला हे परके वाटणार नाही.

तेव्हा आग्नेय आशिया स्वस्त आहे म्हणून जाऊ नये. पाहण्यासारखा आहे म्हणून जावे. हप्त्यांवर कर्ज काढून जाऊ नये; चार घरांनी मिळून वर्ष-दोन वर्षे भिशी लावावी. आणि तिथल्या हातगाडीवर दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. मोंढ्यात आपल्या मालाचा भाव पाडला जातो तेव्हा काय वाटते, ते आपण जाणतो.