घरचा अभ्यास : परवच्यापासून टकळीपर्यंत

मिडल स्कुलांतील मुलांचा गणिताचा व मातृभाषेचा घरचा अभ्यास हा इतिहासाचा विषय होऊं शकतो, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूरसारखें कापसाच्या मुलखांतलें गांव डोळ्यांसमोर ठेवलें, म्हणजे या लहानशा विषयांत एका मोठ्या स्थित्यंतराची हकीकत दडलेली आढळते.

पंतोजीच्या शाळेच्या काळीं घरचा अभ्यास म्हणजे परवचा आणि मोडीचा कित्ता. दिवेलागणीस पावकी, निमकी, पाउणकी, सवाकी, दिडकी यांचा घोष चाले. ही निव्वळ घोकंपट्टी होती, हा आक्षेप खरा आहे. पण तो पुरा नाहीं. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर अशा व्यवहारांत पाव, अर्धा, पाऊण हेच अपूर्णांक पदोपदीं लागत. सव्वा रुपया शेर या दरानें सात शेरांचे पावणेनऊ रुपये होतात, हें सवाकी येणारा मुलगा कागदावांचून सांगे. शिवाय परवचा कानानें तपासतां येई. निरक्षर पण पाढे मुखोद्गत असलेल्या वडीलधाऱ्या माणसासही मुलाची चूक पकडतां येत असे. पुढें छापील क्रमिक पुस्तकें आलीं, अभ्यास कानाचा होता तो डोळ्यांचा झाला, आणि घरांतील हे परीक्षक निरुपयोगी ठरले. ज्या घरीं वाचतें माणूस होतें, तेथील मुलाला आधार राहिला; ज्या घरीं नव्हतें, तेथील मूल एकटें पडलें.

या अडचणीवर एक निराळा तोडगा समुद्रपूरच्याच जिल्ह्यांत निघाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. तेथें नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीनें त्याच वर्षीं डिसेंबरांत आपला अहवाल सादर केला, आणि फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुरा काँग्रेसनें योजना स्वीकारली. साडेपांच तासांच्या शाळेंत मूलोद्योगास ३ तास २० मिनिटें, मातृभाषेस ४० मिनिटें, आणि गणित, संगीत व चित्रकला मिळून ४० मिनिटें, अशी ती वांटणी होती. गणित थोडें दिसतें खरें. पण उद्योगांतूनच तें उद्भवावें, असा हेतु होता. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. तर गुंडींत सूत किती? उत्तर ८५३ वार १ फूट. हा हिशेब मुलाच्या हातांतल्या सुताचा होता. त्याचप्रमाणें दिवसाच्या कामाची नोंद स्वच्छ, सरळ मराठींत लिहिणें हाच भाषेचा धडा.

योजनेवर टीकाही पुष्कळ झाली. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमांतून निघावा ही अपेक्षा अनेकांस जाचक वाटली, आणि ती शंका आम्हांसही निराधार वाटत नाहीं. शिवाय बीजगणिताचें किंवा काव्याचें प्रत्येक अंग टकळीस बांधतां येत नाहीं. कालांतरानें मूलोद्योग मागें पडला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, पुढें किलोग्रॅमही आला, आणि परवच्याचा बाजारांतील उपयोग सरला.

आज आठवीपर्यंतचें शिक्षण हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे. परंतु घरचा अभ्यास कोणाच्या आधारानें व्हावा, या प्रश्नाचें उत्तर कायद्यांत नाहीं. सुशिक्षित घरांतून आई-बाप किंवा शिकवणी ती उणीव भरून काढतात. शेतमजुराच्या घरीं ती तशीच राहते. म्हणून एक गोष्ट इतिहासापासून घेण्याजोगी आहे. समुद्रपूरच्या मुलास कापूस-वेचणीच्या मजुरीचा हिशेब मांडावयास आणि पेरणीची हकीकत वडिलांस विचारून लिहावयास सांगितलें, तर अक्षरओळख नसलेला बापही त्या अभ्यासांत जाणता ठरेल. घराला ज्यांत कांहीं सांगतां येत नाहीं, तो अभ्यास घरीं होतो एवढेंच. त्यास घरचा म्हणणें कठीण आहे.