मार्सेलिसचा धक्का

आजोबांच्या गोष्टीतल्या मार्सेलिसला बंदरच नव्हतं. होता तो खवळलेला समुद्र. सावरकर बोटीतून उडी घेत, वरून गोळ्या सुटत आणि ते मैलोन्‌मैल पोहत जात. आजोबा रत्नागिरीचे, १९२४ ते १९३७ या काळात सावरकर तिथे स्थानबद्ध असताना आजोबांनी त्यांना पाहिलेलं. तेव्हा गोष्टीतले मैल मोजायची घरात कुणाची छाती नव्हती.

शेजारचे चाचा मात्र हसत. त्यांचे वडील पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीवर खलाशी. त्या बोटींवर डेकवर कोकणी-गुजराती माणसं, खाली भट्टीपाशी पंजाबी-पठाण आणि भटारखान्यात गोवेकर, अशी वाटणीच असे. "मैल कसले? बोट धक्क्याला लागलेली असते," चाचा म्हणत. त्यांचं मार्सेलिस म्हणजे कोळशाची धूळ, टपालाच्या थैल्या आणि लंडनहून आगगाडीने येऊन इथे बोटीत चढणारे साहेब. बिस्केच्या उपसागरात ओकाऱ्या काढण्यापेक्षा त्यांना हा रस्ता बरा वाटे. जुन्या बंदराच्या तोंडावर म्हणे उंच लोखंडी पूल होता आणि त्याला टांगलेला पाळणा माणसं-गाड्या घेऊन पाण्यावरून सरके. ऐकायला थाप वाटते, पण १९०५ साली बांधलेला हा पूल खराच होता. १९४४ मध्ये जर्मनांनी तो सुरुंगाने उडवला.

ते जुनं बंदर इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकाइयाहून आलेल्या ग्रीकांनी वसवलं. पुढची दोन हजारांहून जास्त वर्षं शहर त्या एका खाडीवर जगलं. १७२० साली लेवांटहून आलेल्या जहाजातल्या कापडाबरोबर प्लेगही उतरला. क्वारंटाईनचे नियम व्यापाऱ्यांच्या घाईपुढे वाकले आणि जवळजवळ निम्मं शहर गेलं. वाफेच्या बोटी आल्या तेव्हा खाडी अपुरी पडली; १८५३ मध्ये उत्तरेला जोलिएतची नवी गोदी सुरू झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबईची वाट या धक्क्यांवरून जाऊ लागली.

'मोरिया' बोट त्याच वाटेवरची; तीवरून सावरकरांना कैदी म्हणून मुंबईला नेत होते. ८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकर शौचकूपाच्या गोल खिडकीतून निसटले. पोहायचं अंतर थोडंच होतं, आणि मला तर त्यामुळेच ती उडी अधिक धाडसाची वाटते. समुद्र पोहणाऱ्याला अंगात बळ हवं. इथे भिस्त होती ती फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकला की इंग्रजांचा हक्क संपतो, या कायद्यावर. धक्क्यावर चढून ते धावलेही. पण फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि बोटीवर परत नेलं.

मग पॅरिसमध्ये गहजब झाला. कार्ल मार्क्सचा नातू झाँ लोंगे याने 'ल्युमानिते'तून हा प्रश्न लावून धरला. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा, की अटक नियमाला धरून नव्हती, तरी कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. मासला पाहा! तोवर सावरकरांना मुंबईत शिक्षाही ठोठावून झाली होती.

हा निकाल आजोबांना तोंडपाठ होता. गाळत ते एकच: त्यांच्या गोष्टीत पहारेकरी सगळे गोरे असत. 'मोरिया'वर सावरकरांच्या पहाऱ्याला दोन हिंदी शिपाईही होते. चाचा हे मुद्दाम सांगत आणि आजोबा विषय बदलत.