मनिला शिंपला

मनिला शिंपला : व्हेनेरिडी कुलातील, खाण्यासाठी पाळला जाणारा समुद्री शिंपला. शास्त्रीय नाव रुडिटापेस फिलिपिनारम. तो मूळचा पश्चिम पॅसिफिकचा. सखालिन, जपान, कोरिया आणि चीनपासून दक्षिणेला फिलिपाइन्सपर्यंतच्या उथळ किनाऱ्यांवर तो निसर्गतः आढळतो. साधारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाने त्याला हवाई बेटे, उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा, फ्रान्स, ब्रिटन, आयर्लंड, स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीपर्यंत नेले. कुठे मुद्दाम, कुठे नकळत. ॲडम्स आणि रीव्ह यांनी १८५० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जपानीत त्याला आसारी म्हणतात. कोकण-गोव्यात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या तिसऱ्याही याच कुलातल्या, त्यामुळे ताटात वाढला तर तो मराठी खवय्याला फारसा परका वाटणार नाही.

बाजारात येणारा शिंपला साडेतीन ते चार सेंटिमीटरचा असतो. वय वाढू दिले तर तो सहा सेंटिमीटरच्याही पुढे जातो. कवचावर आडव्या-उभ्या बारीक रेघांची जाळी असते. रंग पांढुरका, राखाडी, तपकिरी किंवा काळपट आणि नक्षी इतकी निरनिराळी की एका मूठभर शिंपल्यांत दोन सारखे सापडणे कठीण. युरोपातला त्याचा सख्खा नातलग रुडिटापेस डेक्युसॅटस दिसायला जवळजवळ तसाच आहे. दोघांतला खात्रीचा फरक कवच उघडल्यावर कळतो: पाणी आत-बाहेर नेणाऱ्या दोन नळ्या युरोपीय जातीत पूर्ण सुट्या असतात, तर मनिला शिंपल्यात बऱ्याच लांबीपर्यंत जोडलेल्या आणि फक्त टोकाला वेगळ्या असतात.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याखालच्या उथळ पाण्यात, वाळू, चिखल किंवा बारीक खडी असलेल्या तळात तो काही सेंटिमीटर खोल पुरून राहतो. नळ्या वर काढून पाणी ओढतो, त्यातल्या सूक्ष्म वनस्पती गाळून खातो आणि पाणी परत सोडतो. याच कारणाने तो पाळणाऱ्याला परवडतो. कोळंबीला खाद्य विकत घ्यावे लागते. शिंपल्याला समुद्र फुकट जेवू घालतो. हॅचरीत तयार केलेले काही मिलिमीटरचे बी तळावर पेरायचे, खेकड्यांपासून वाचवण्यासाठी वर जाळे अंथरायचे आणि पाणी उबदार व अन्न भरपूर असेल तर दीड-दोन वर्षांनी काढणी करायची. थंड पाण्यात वाढीला आणखी वेळ लागतो. कमी खाऱ्या पाण्यातही तो तग धरतो, म्हणून नदीमुखे आणि खाड्या त्याला चालतात.

अडचण प्रजननाची आहे. नर-मादी वेगवेगळे असतात आणि पाणी पुरेसे तापले की शुक्रपेशी व अंडी थेट पाण्यात सोडतात. एका मादीची अंडी लाखोंनी मोजावी लागतात. त्यांतून निघालेले डिंभ दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि मग कुठेतरी तळाला बसतात. गोठ्यातली म्हैस दावे तोडून पळाली तर निदान दिसते; डिंभ शेताच्या हद्दीबाहेर गेले हे कळायला काही वर्षे जावी लागतात, आणि कळते तेव्हा त्यांची पिल्ले मोठी झालेली असतात.

उत्तर अमेरिकेतला प्रवेश तर कोणाच्या मनातही नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानहून पॅसिफिक कालवांचे बी जहाजांनी अमेरिका-कॅनडात येत असे. त्या पेट्यांबरोबर आसारीही आले. १९३६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या लेडीस्मिथ बंदरात ते आढळले आणि पुढे किनाऱ्याने दूरवर पसरले. आज तिथल्या आणि वॉशिंग्टन राज्याच्या शिंपला-व्यवसायाचा मोठा भाग याच चोरपावलांनी आलेल्या पाहुण्यावर उभा आहे. युरोपात मात्र त्याला आमंत्रण देऊन आणले. स्थानिक शिंपला हळू वाढतो आणि त्याचा उपसाही फार झाला होता, म्हणून १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधल्या हॅचरीने मनिला शिंपला आणला. ब्रिटनच्या सरकारी मत्स्यप्रयोगशाळेने १९८० मध्ये तेच केले.

सर्वांत मोठी कहाणी व्हेनिसची. १९८३ मध्ये तिथल्या खाजणात बी सोडले गेले आणि काही वर्षांतच शिंपल्याने उथळ तळ व्यापला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्हेनिसच्या खाजणातून वर्षाला सुमारे ४०,००० टन शिंपला निघत होता आणि इटली युरोपातला पहिल्या क्रमांकाचा उत्पादक झाला. स्पॅगेटीवर येणारा ‘व्होंगोले’ आता बहुतेकदा हाच असतो. पण पैसा शेतीतून आला असे म्हणणे अर्धवट ठरेल. बराच माल मोकळ्या पाण्यातून ओरबाडलेला होता. यांत्रिक होड्या तळ ढवळत, बोटीच्या पंख्याच्या झोताने चिखल उसवत आणि शिंपले जाळीत गोळा करत. उसवलेला गाळ भरतीबरोबर वाहून जाई, पाणी गढूळ होई, तळावरच्या सागरी गवताला ऊन मिळत नसे. पोर्तो मार्गेराच्या रासायनिक कारखान्यांजवळचा तळ विषारी म्हणून तिथे मासेमारीला बंदी होती, तरी रात्री होड्या जात. पुढे प्रशासनाने खाजणाचे पट्टे ठरवून मच्छीमार गटांना भाडेपट्ट्याने दिले. तोवर मोकळ्या पाण्यातला साठा खालावला होता.

स्थानिक रुडिटापेस डेक्युसॅटस व्हेनिसमध्ये मागे पडला, हे निर्विवाद. त्यात नव्या जातीच्या स्पर्धेचा वाटा किती आणि माणसाने केलेल्या उपशाचा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या मते उपसा हा मोठा दोषी. तळ दर आठवड्याला नांगरला जात असेल तर हळू वाढणारी जात टिकणार कशी? शिवाय वायव्य स्पेनमध्ये दोन्ही जातींचे संकर आढळले आहेत, म्हणजे मूळ जातीची शुद्धता टिकवण्याचा प्रश्नही आहेच.

रोगांची बाजू वेगळी आहे. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील लांदेदा इथे पाळलेले मनिला शिंपले मोठ्या संख्येने मेले. कवचाच्या आतल्या कडेलगत तपकिरी कडे दिसत होते. तपासात व्हायब्रिओ टापेटिस हा जीवाणू सापडला आणि रोगाला ‘तपकिरी कडे रोग’ हे नाव पडले. त्याखेरीज पर्किन्सस हा परजीवी दोन्ही जातींत आढळतो.

इटलीत पो नदीच्या मुखाशी असलेले गोरो हे खाजण युरोपातल्या प्रमुख शिंपला-केंद्रांत गणले जात होते. तिथे २०२३ मध्ये वेगळेच संकट आले. अटलांटिकच्या अमेरिकी किनाऱ्याचा निळा खेकडा भूमध्य समुद्रात दशकानुदशके तुरळक सापडत होता. तो अचानक प्रचंड वाढला आणि शिंपल्याचे बी फस्त करू लागला. त्या उन्हाळ्यात इटलीच्या सरकारने खेकडे पकडण्यासाठी २९ लाख युरोंची तरतूद केली. चाळीस वर्षांपूर्वी बाहेरून आणलेल्या प्राण्याचे रक्षण बाहेरून आलेल्या दुसऱ्या प्राण्यापासून करण्याची वेळ सरकारवर आली. गोरोच्या कुटुंबांना मात्र आपला शिंपला ‘बाहेरचा’ वाटत नाही.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे पूल बंदर हे उलट बाजूचे उदाहरण. १९८८ मध्ये तिथे पाळायला परवानगी देताना गृहीत धरले होते की इतक्या थंड पाण्यात हा शिंपला वाढेल, पण वंशवृद्धी करणार नाही. त्याने केली. १९९० च्या दशकात बंदरभर स्वतःची प्रजा वसवली आणि परवाना नसलेले लोकही तो काढू लागले. मग नियम आले, परवाने आले आणि २०१८ मध्ये तिथल्या शिंपला-मासेमारीला शाश्वत मासेमारीचे एमएससी प्रमाणपत्रही मिळाले. आणखी एक अनपेक्षित फळ पक्ष्यांच्या वाट्याला आले. ऑयस्टरकॅचर हा लाल चोचीचा किनारपक्षी हिवाळ्यात हे शिंपले फोडून खातो आणि त्यांच्यामुळे पूलमध्ये या पक्ष्यांचे हिवाळी मृत्युप्रमाण घटते, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काढला आहे. हिवाळ्यात अलिबागजवळच्या आक्षीला येणारा तोच हा पक्षी.

कायदा सहसा घटनेच्या मागून येतो. समुद्री जीवांच्या स्थलांतराबाबतची आंतरराष्ट्रीय सागर-संशोधन परिषदेची पहिली आचारसंहिता १९७३ ची, म्हणजे मनिला शिंपला युरोपात येत होता त्याच सुमाराची. युरोपीय संघाने मत्स्यपालनातील परक्या जातींवर नियम केला तो २००७ मध्ये आणि त्यात मनिला शिंपला सूट मिळालेल्या जातींच्या यादीत ठेवला. ज्याच्यावर हजारोंचे पोट आहे त्याला आता बाहेर काढणार कोण, असा त्यामागचा व्यवहार दिसतो.

या साऱ्या युरोपीय उलाढालीचा आकार चीनपुढे किरकोळ आहे. जगात वर्षाला सुमारे ४० लाख टन मनिला शिंपला पाळून काढला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा चीनचा. जपानची गोष्ट दुःखद आहे. १९८० च्या दशकारंभी दीड लाख टनांहून अधिक असलेले आसारीचे उत्पादन भराव, खाड्यांची बिघडलेली स्थिती आणि उपसा यांनी पार घसरले. २०२२ च्या फेब्रुवारीत कुमामोतो प्रांताने आपल्या आसारीची विक्री सुमारे दोन महिने थांबवली, कारण परदेशातून आयात केलेला माल कुमामोतोचा म्हणून खपवला जात असल्याचे उघड झाले होते.

भारतातला शिंपला-व्यवसाय देशी जातींवर चालतो. केरळच्या वेंबनाड सरोवरातला काळा शिंपला, अष्टमुडीतली पाफिया मलबारिका (याच मासेमारीला २०१४ मध्ये भारतातले पहिले एमएससी प्रमाणपत्र मिळाले) आणि रत्नागिरीच्या काळबादेवी, भाट्ये इथल्या खाड्यांतल्या तिसऱ्या या सगळ्या इथल्याच. कोकणात ओहोटीला बायका-पुरुष हाताने किंवा पायाने चाचपून त्या काढतात. बी पेरण्याचा प्रश्न येत नाही, साठा निसर्ग भरतो. वाळूउपसा, भराव आणि खाड्यांत सोडलेले सांडपाणी हे त्यांचे खरे शत्रू.

परकी जात पाळण्याचा अनुभव मात्र महाराष्ट्राला पुरेपूर आहे, तोही समुद्राविना. विदर्भापासून किनारा शेकडो किलोमीटर दूर. पण तिथल्या मत्स्यतळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीने वाढवले जाणारे सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे मासे परदेशी आहेत. गवत्या आणि चंदेरा १९५९ मध्ये भारतात आले. त्याआधी, १९५२ मध्ये आणलेला तिलापिया नद्या-जलाशयांत इतका मोकळा झाला की आता त्याला परत बोलावणे शक्य नाही. किनाऱ्यावर २००९ मध्ये व्यापारी पालनाला परवानगी मिळालेली व्हनामी कोळंबी अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. पालघर-रायगडच्या तळ्यांत ती टायगर कोळंबीच्या जागी आली. तिची जनक-कोळंबी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातूनच आत येते. मनिला शिंपला युरोपात शिरला तेव्हा अशी चाळणी क्वचितच होती.

निमंत्रणाशिवाय आलेल्या शिंपल्यांचीही इथे नोंद आहे. मेक्सिकोचे आखात-कॅरिबियन भागातला मायटिलॉप्सिस सॅलेई जहाजांबरोबर विशाखापट्टणम बंदरात आला. तिथे तो १९६७ मध्ये आढळला आणि पुढे मुंबईच्या बंदरातही सापडला. खायच्या उपयोगाचा नाही, पण गोदीतले खांब आणि बोटींची बुडे झाकून टाकतो. अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवरचा मायटेला स्ट्रिगाटा अलीकडे केरळच्या खाड्यांत पसरला असून अष्टमुडीतही पोहोचला आहे. नवी जलचर जात आणायची असेल तर केंद्र सरकारच्या परकीय जलचरविषयक राष्ट्रीय समितीपुढे जावे लागते. जहाजाच्या बुडाला चिकटून येणाऱ्याला असा अर्ज भरावा लागत नाही.