पाचगणीचा सातबारा आणि खरेपणाची खूण

मराठेशाहीतील राजपत्राच्या अखेरीस उमटवली जाणारी छोटी मुद्रा, म्हणजे मोर्तब, मजकुराच्या शेवटच्या शब्दाला लागूनच असे, कारण मागाहून कोणी एखादे कलम घुसडू म्हटले तरी त्यास जागा उरू नये. पेशव्यांच्या मोर्तबावरील ‘लेखनसीमा’ ही अक्षरे हाच बंदोबस्त सांगतात. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत सातारा राजधानी झाल्यावर वाई आणि तिच्या माथ्यावरील पाचगणीचा मुलूख छत्रपतींच्या दप्तराखाली आला. वतनाच्या निवाड्याचा लेख, म्हणजे महजर, निवाड्याला बसलेल्या गोतसभेच्या निशाण्यांनी पुरा होई व पाटलाची निशाणी नांगर असे. नवा राजा गादीवर आला की जुन्या सनदा त्याच्या शिक्क्याने पुन्हा करून घ्याव्या लागत.

कागदाच्या खरेपणाची खूण आजही लागतेच, फक्त तिचे रूप बदलले आहे. आज पाचगणी शहरातील मिळकत पत्रिका आणि दांडेघर, गोडवली, खिंगर या लगतच्या गावांचा सातबारा मुंबई-पुण्यात बसूनही मिळतो, आणि १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात सातबारा डिजिटल स्वाक्षरीने दिला जाऊ लागला. या स्वाक्षरीस कायद्याचे बळ १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने दिले. स्वाक्षरी करणाऱ्याची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते, ज्याला कार्यालयांत डोंगल म्हणतात; ती किल्ली कोणाची याची ग्वाही देणारा दाखला म्हणजे प्रमाणपत्र, जे परवानाधारक संस्था देते, आणि त्या संस्थेची ग्वाही केंद्र सरकारचे प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक देतात. अशा साखळीने विश्वास वरून खाली येतो.

संगणकावरच्या बहुतेक अडचणी या साखळीच्या कुठल्यातरी कडीत असतात. डोंगलचा ड्रायव्हर नसला तर प्रमाणपत्र दिसतच नाही. घड्याळाची तारीख मागे पडली असली तर चालू प्रमाणपत्रही अवैध ठरते. २०१५ साली क्रोम ब्राउझरने जावा ॲपलेट, म्हणजे वेबपानात चालणारे छोटे प्रोग्राम, चालवणारी जुनी सोय काढून टाकली, तेव्हा ॲपलेटवर विसंबून असलेल्या स्वाक्षरीच्या प्रणालींना दुसरी वाट शोधावी लागली. सर्वाधिक गोंधळ मात्र पीडीएफवरील पिवळ्या प्रश्नचिन्हामुळे होतो. ते पाहून दस्त खोटा ठरवून परत करणे हा अन्याय आहे, कारण त्या चिन्हाचा अर्थ बहुधा एवढाच असतो की वाचणाऱ्याच्या संगणकाला साखळीतले सर्वोच्च, म्हणजे मूळ, प्रमाणपत्र ओळखीचे नाही. ते नियंत्रकांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घेऊन बसवावे व स्वाक्षरी पुन्हा तपासावी. कोणीही पाठवलेले मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून नोंदवणे हे तोतयाचा शिक्का खरा मानण्याइतकेच घातक आहे. कागदावर छापलेली, स्वाक्षरी वैध असल्याची हिरवी खूण काहीच सिद्ध करत नाही, कारण स्वाक्षरीची पडताळणी मूळ फाइलमध्येच होते; छापील प्रतीसाठी मात्र तिच्यावरील पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहावा लागतो.

प्रमाणपत्राची मुदतही ठरलेली असते. ती संपल्यावर नवे प्रमाणपत्र घेऊन प्रणालीत पुन्हा नोंदवावे लागते. त्याआधी केलेल्या स्वाक्षऱ्या मात्र, त्या मुदतीत झाल्याचे वेळेच्या विश्वासार्ह नोंदीवरून दिसत असेल तर, रद्द होत नाहीत.