नागपूरकर भोसल्यांचे परराष्ट्रधोरण

नागपूरकर भोसल्यांचे परराष्ट्रधोरण : पुणे, हैदराबाद व कलकत्ता येथील सत्तांच्या चढाओढीत नागपूरच्या राज्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८१८ पर्यंत अवलंबिलेले धोरण. एका सत्तेला दुसरीचा धाक असेपर्यंतच या राज्याला मोकळीक होती.

या चढाओढीची झळ लागलेल्या भागांचे एक उदाहरण म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावचा परिसर; तो वर्धा नदीच्या पश्चिमेस, वऱ्हाडात येतो. त्या काळी तेथे निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल होता. रयतेला दोन्ही धन्यांचा वसूल भरावा लागे.

पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात नाना फडणीस, हैदर अली व निजाम यांच्या आघाडीत मुधोजी भोसले सामील झाले. बंगालवर चालून जाण्याची कामगिरी त्यांच्याकडे होती. प्रत्यक्षात त्यांचे पुत्र चिमणाजी यांची फौज कटकला थांबली आणि वॉरन हेस्टिंग्जकडून पैसा घेऊन मुधोजींनी मोहीम थोपविली. राज्य शाबूत राहिले. आघाडी मात्र दुबळी झाली. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मुधोजींचे पुत्र दुसरे रघूजी पेशव्यांच्या बाजूने निजामाविरुद्ध लढले.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवे ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाला गेले आणि हा तोल ढळला. रघूजी दौलतराव शिंद्यांना मिळाले. यशवंतराव होळकर अलिप्त राहिले. असई व अडगावच्या पराभवांनंतर गाविलगडही पडला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक व बालेश्वर कंपनीला, तर नरनाळा-गाविलगडचा मुलूख वगळून वर्धेच्या पश्चिमेकडील प्रदेश निजामाला गेला. बाभुळगावाकडच्या गावांवरील भोसल्यांचा हक्क संपला. निजाम व पेशवे यांच्याशी होणाऱ्या तंट्यांत कंपनी मध्यस्थ ठरली. नागपुरात इंग्रज रेसिडेंट आला.

तरीही रघूजींनी १८१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तैनाती फौज (राज्याच्या खर्चाने ठेवायचे कंपनीचे सैन्य) स्वीकारली नाही. हा निग्रह या धोरणाचा सर्वांत मानी भाग होय. त्यानंतर दरबारातील प्रतिस्पर्ध्यांना शह देण्यासाठी रघूजींचे पुतणे आप्पासाहेब यांनी मे १८१६ मध्ये ती मान्य केली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईने ती झुगारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. त्यांच्या मदतीच्या आशेने वऱ्हाडाकडे निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाला एप्रिल १८१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातच, पांढरकवड्याच्या परिसरात, इंग्रजांनी गाठले.

मराठी सत्ता एकेकट्याने तह करीत गेल्या, हीच कंपनीची खरी ताकद ठरली. १७८१ मध्ये कटकला थांबून वाचविलेले राज्य १८०३ मध्ये एकाकी पडले. या धोरणाचा सारा लाभ आणि सारी किंमत या दोन वर्षांत सामावलेली आहे.